येळवशीला लावलेलं दार

मस्कत, येळवस, शुक्रवार

इकडं कुणी कुणाला जेवायला बोलवत नसतं, किती वेळा सांगायचं बायकोला? गावाकडं आज अवसेला शेताशेतात पंगती बसतात, म्हणून रेखानं मिसळ भाज्यांची भज्जी, ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे केले होते. गॅसवाला टाकी घेऊन आला, तर म्हणते, "बोलवा की आत. येळवशीला शेताच्या वाटंनं जाणाऱ्याला बी आपण उपाशी सोडत न्हाई." मी दार लावलं. आपली भज्जी बघून हसंल, ही लाज. भज्जीची लाज वाटावी मला? रेखा जेवलीच न्हाई.

मग औशाहून आईचा फोन. "कुणाला जेवू घातलं रे?"

"चौघं होते," म्हणलो. रेखानं भज्जीचं भरलेलं पातेलं झाकून ठेवलं.

"शाबास! हिकडं बी तुझ्या नावानं पंगत उठली बघ शेतात."

दार लावताना तो गॅसवाला पाणी मागत होता का? त्या पंगतीचा खर्च तरी माझा असू दे. उद्या आईला पाठवतो, तीन हजार रुपये.