चहाच्या बंबाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, तांबटाची विधवा, चर्चच्या मंडळीत सगळे जिला बंबवाली मावशी म्हणतात ती, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं खुब्याचं हाड मोडलं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि सुनेला विचारलंत तर ती सांगेल की जिभेलाही काही झालेलं नाही. कोणी मला धाक घातलेला नाही की गोड बोलून भुलवलेलं नाही. वाचायला मी गीतांच्या पुस्तकावरून शिकले, शाळेत नाही. तेव्हा भाषेत चूक सापडली तर हसा, पण अर्थावरून भांडू नका.

कलम पहिले. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, जिन्यासकट, माझ्या एकुलत्या एका मुलाच्या. तो रंगारी आहे. जगाच्या भिंती रंगवतो, आईच्या स्वयंपाकघराला मात्र त्याला सवड झाली नाही. ताबा घेण्याआधी त्याने ते रंगवावं. पिवळा नको.

कलम दुसरे. बँकेत जे असेल त्यातून साध्या लाकडाच्या पेटीत माझं दफन करावं. उरेल ते सुनेचं, मुलाचं नाही. अंथरुणात तिने माझं सगळं केलं आणि करताना तोंडही वाजवलं. ते मला बरं वाटलं. मुकाट्याने सेवा करणाऱ्यांची मला भीती वाटते.

कलम तिसरे. यांची हत्यारं, म्हणजे हातोड्या, ऐरण आणि पत्र्याची कातर, धाकट्या दिराला. त्यातली एक हातोडी मूळची आपली, असं तो यांच्या दफनाच्या दिवशीसुद्धा म्हणत होता. घ्या भावजी, सगळ्याच घ्या.

कलम चौथे. माझं गीतांचं पुस्तक गायनमास्तरांना. "मावशी, तुम्ही नुसते ओठ हलवा," असं ते एका गीताच्या भर सरावात म्हणाले होते. ते गीत ज्या पानावर आहे ते पान दुमडून ठेवलं आहे.

कलम पाचवे. आता बंब.

हा चहाचा तांब्याचा बंब यांनी लग्नानंतर माझ्यासाठी घडवला. तो माझ्या मालकीचा आहे, मंडळीच्या नाही. उपासना संपली की मागच्या दालनात मी तो पेटवायची, आणि सगळी मंडळी माझ्याभोवती जमायची. कोणाचं बाळ आजारी, कोणाची नोकरी गेली, हे पाळकसाहेबांच्या आधी मला कळायचं. कोणाला साखर किती, हे मला पाठ होतं.

मग ती आली. पावाच्या भट्टीत काम करणाऱ्याची बायको, गालाला खळी, कोणालाही पहिल्याच भेटीत "अगं" म्हणणारी. एका रविवारी केक घेऊन आली. माझ्या टेबलावर जागा होती, पण मी कप पसरून ठेवले. तिने निमूट दुसऱ्या टोकाला टेबल मांडलं. झालं! लोक माझ्याकडून कप भरून घेत आणि तिच्याकडे जाऊन पीत. पुढे पुढे इकडे म्हातारे आणि मधुमेहवाले, तिकडे बाकीचे सगळे. माझी सून घरी यायची ती ओठाला साखर घेऊन. विचारलं तर म्हणायची, "तुम्ही एकदा खाऊन तरी बघा!" मी कधी तोंडात घातला नाही. घालणारही नाही, असं ठरवलं होतं.

म्हणून लिहिते: बंब मंडळीच्या वापराला द्यावा, पण त्या केकवालीने त्याच्या तोटीला हात लावू नये.

कलम सहावे. वकील म्हणाले की जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. हे ऐकल्यावर मी ठरवलं की एक साक्षीदार केकवालीच. नाहीतर मी गेल्यावर सुनेला दया यायची, आणि ती म्हणायची की मावशींच्या मनात बंब तुलाच द्यायचा होता. ते दार आजच बंद. शिवाय पाचवं कलम तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं.

इथपर्यंत लिहून झालं आणि ती आली. मीच निरोप धाडला होता. हातात फडक्यात गुंडाळलेला केक. मी म्हटलं, "बस. सही करायची आहे."

"कुठे करू?"

"आधी वाच तरी."

"मी कशाला वाचू? तुमच्या घरातलं आहे. साक्षीदार म्हणून ना? बरं झालं मावशी. म्हणजे मला काही मिळणार नाही. नाहीतर लोक म्हणाले असते, केक चारून म्हातारीला गुंडाळलं."

म्हणजे तिला ते माहीत होतं! माझा सगळा डाव तिने आनंदाने पदरात घेतला. मला राग आला. सुनेला जे मानापायी विचारलं नव्हतं, ते मी हिलाच विचारलं. "बंब कोण पेटवतं गं आता?"

"कोणी नाही. झाकून ठेवलाय."

"मग चहा?"

"चहा नाही. पाणी पितात सगळे. गायनमास्तर कुरकुरतात, पण मी सांगितलं, मावशी उठेपर्यंत केकही बंद."

"आणि हा?"

"हा तुमच्यापुरता. दोन्ही टेबलं भिंतीला लावून ठेवलीत. लोक मधेच उभे राहतात आणि बोलत बसतात. घरी जायचं नाव घेत नाहीत."

तिने पेन उचललं. मी कागद ओढून घेतला. ती म्हणाली, "अहो, असं काय करता?" मी म्हटलं, "गप्प बस. इस्त्रीवाल्यांना वर बोलाव."

कलम सातवे. पाचव्या कलमातलं शेवटचं वाक्य आणि सहावं कलम मी रद्द करते. खाली सह्या इस्त्रीवाल्यांच्या आणि शेजारच्या घड्याळवाल्यांच्या. केकवालीने या कागदावर कुठेही सही करू नये, कारण बंब तिला दिला आहे.

कोणी असं समजू नये की माझ्या पोटातली आग विझली. उलट वाढली. बंब झाकून ठेवण्याचं हे तिलाच सुचायला हवं होतं का? ती आजारी पडली असती तर मी चहा बंद ठेवला नसता, दुप्पट केला असता. प्रीती करण्यातही ती माझ्या पुढे गेली, हे मला मुळीच खपलेलं नाही. पण पाळकसाहेब एकमेकांवरच्या प्रीतीबद्दल बोलतात ते मी मागे कप मांडता मांडता आयुष्यभर ऐकलं आहे, आणि मला एवढंच कळलं आहे: मन स्वच्छ होण्याची वाट बघत बसले असते तर बंब माझ्याबरोबर गंजला असता. तेव्हा जळत जळतच देते.

अटी अशा. टेबल एकच असावं, दालनाच्या मधोमध. त्यावर चहा आणि केक दोन्ही, पण चहा दाराच्या बाजूला. तोटी अर्धीच फिरवायची आणि वरून चमचा हलकेच मारायचा. पूर्ण फिरवली तर हात भाजतो. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

व्यवस्थापक म्हणून सुनेला नेमते.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर, खिडकीजवळचं टेबल
वार: शनिवार, दुपार. उद्या उपासना आहे. मला खुर्चीत घालून नेणार आहेत.

सही: बंबवाली मावशी

साक्षीदार पहिले: घड्याळवाले, शेजारचे
साक्षीदार दुसरे: इस्त्रीवाले, खालच्या दुकानाचे. यांनी केक खाता खाता सही केली म्हणून खाली लोण्याचा डाग पडला आहे. ती खाडाखोड समजू नये.

त्याच्या शेजारचा छोटा डाग माझा. बरा आहे. गोड जरा जास्त.