काळ्या हंसाचं तिकीट

दादा, तुमचा पाखरांच्या तिकिटांचा अल्बम मी माळ्यावरून खाली काढला आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याला हात लावताना वाटलं, मागून ओरडाल, "आधी हात पुसून ये."

तुमचे जावई बोलत नाहीत, म्हणून काढला. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. राहात्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला बियाण्याची पिशवी देता देता खाली बसले, ते नगरच्या दवाखान्यातच डोळे उघडले. आता भिंत धरून चालतात. शब्द मात्र गेले. सगळं कळतं त्यांना, तेच वाईट. तोंड उघडतात, काही येत नाही, मग ताट भिरकावतात. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चित्रं दाखवा, नावं म्हणवून घ्या, सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. मी मुलांचा तक्ता आणला. वांगं, टोमॅटो, घोडा. त्यांनी तो फाडला. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, निजू दे त्याला. न्हाई यायचं ते परत." आई असून त्या असं म्हणाल्या.

मग तुम्ही आठवलात. मला बघायला आलेला हा माणूस आपल्या नगरच्या स्वयंपाकघरात तुमच्याशेजारी बसला आहे. तुम्ही परातीतल्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या पाकिटांवरून चिमट्यानं तिकिटं सोडवताय. "इंग्रजानं आपल्याकडे नुसतं राजाचं तोंड छापलं," तुम्ही सांगताय, "आणि बाकीच्या मुलखांत बघा. किवी, इमू, हा काळा हंस!" पोहे गार होतात, मी ट्रे धरून उभी, आणि तुम्हा दोघांची डोकी एका भिंगावर. पुढे दर रविवारी ते एसटीनं नगरला यायचे, ते माझ्या ओढीनं नाही, या अल्बमच्या, हे मला ठाऊक होतं.

काल दुपारी अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला. फाडतील म्हणून मी कड धरून बसले. नाही फाडला. बराच वेळ पानं उलटली. काळ्या हंसावर बोट टेकवलं, ओठ थरथरले, आणि दादा, आवाज आला. "कावळा." मी रडायलाच लागले. मग किवीवर बोट. "कावळा." इमूला कावळा, पाण्याच्या तांब्याला कावळा, स्वतःच्या आईला कावळा. चुकतंय हे त्यांना कळत होतं. मुठीनं कपाळ बडवायला लागले. मी दोन्ही हातांनी मूठ धरली, तरी आवरेना. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. संध्याकाळी मी ओट्याशी होते. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "कावळा!" इतकी वर्षं मला नावानं हाक मारायचे, शेवटचं अक्षर ओढून, अगदी तशीच. मी ओ दिली.

हे लिहून मी कपाटातल्या साड्यांखाली ठेवणार आहे. दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आज सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "तुमचं नाव घेतात का?" असं त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.