सासूबाईंच्या स्कूटरचे आटे

प्रिय नामदेवदादास,

सातपाटीहून तुझ्या दिशाचा नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? गॅरेज बरं चाललंय ना? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. आमच्या घरात फोनवर बोललेलं ओट्यावरच्या मांजरालाही कळतं, म्हणून हे पत्र शेजारच्या पारूच्या मासळीच्या टोपलीतून बोईसरला पाठवतेय. (ओलं झालं असेल तर उन्हात धर, वास मात्र जाणार नाही.)

दादा, माझी काही धडगत नाही. सासूबाई मासळी घेऊन पालघरला जातात ती स्कूटर सुरू व्हायला कुरकुर करत होती. मी आपलं बोलून गेले, आई, प्लग साफ करून देते, माझ्या भावाचं गॅरेज आहे. (गॅरेजात मी फक्त तुझा डबा आणायचे, हे त्यांना कुठे माहीत?) साफ छान केला. परत बसवताना जरा तिरका गेला. आधी बोटांनी फिरवा, मग पाना लावा, असं तू पोरांवर ओरडायचास ते मला आठवलं, पण नंतर. त्यात आमच्या ह्यांनी होडीच्या इंजिनाचा हातभर पाना काढून दिला. म्हणाले, लाटांनी नट सैल होतात, कस अजून. मी कसला. एकदम पाना हलका फिरायला लागला, म्हणून मी प्लग काढून बघितला. इंजिनाच्या हेडमधले आटे चुरा होऊन प्लगबरोबर बाहेर आले होते.

मग कुणी करू नये ते मी केलं. होडीवर पाइप गळला की हे सूत गुंडाळून सफेदा फासतात, तसंच प्लगला केलं. सासूबाई निघाल्या, मी देवापुढे बसले. पालघरच्या रस्त्यावर फट्‌ करून प्लग उडाला, बाई गाडीसकट गवतात आणि पापलेटं डांबरावर. लागलं काही नाही, देवाची कृपा. मला वाटलं, आता मी घरातून जाते. पण बाईंनी गाडी ढकलत आणली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "पेट्रोल खराब होता. सुनेनं प्लग साफ केलेला म्हणून वाचले, नायतर इंजिनच फुटला असता." लग्नाला वर्ष झालं, पहिल्यांदाच माझ्याबद्दल बरं बोलल्या. आता सुरमई कापता कापता माझ्याकडे कौतुकाने बघतात, आणि माझी नजर कोयत्यावरून हलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं.

तुझी घाबरलेली,
दिशा

ता. क. त्या भोकात बसवायला स्टीलचं बुश, आटे पाडायचा मोठा टॅप आणि ग्रीस घेऊन ये. (आटे पाडताना चुरा आत पडू नये म्हणून टॅपला ग्रीस लावतात, एवढं मला येतं. एवढंच येतं.) सहज भेटायला आलो म्हण. नाहीतर मला माहेरी तरी ने.

ता. क. २. येऊ नकोस. माहेरी जाऊ का विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "चल, मीपण येते, तू शिकलीस तो गॅरेज बघायचा हाय." उद्या त्याच गाडीवरून निघतोय, सूत नवीन गुंडाळलंय. दुपारपर्यंत आलो नाही तर टेम्पो घेऊन वाटेत उमरोळीच्या बाजूला बघ. आलो, तर टॅप माझ्या हातात देऊ नकोस.