चटईखालची संमती

उपोलू, दक्षिण किनारा
१२ ऑगस्ट

प्रिय सिना,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. तारोच्या कंदांचं पीक चांगलं आलंय, डुकरिणीला पिल्लं झालीत. तुझी मालिया रोज विचारते, "मामा, ऑकलंडला विमानतळावर आई येईल ना?" माझं अक्षर वाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

कागद झाले! जन्माचा दाखला, शाळेचा दाखला आणि पेसामिनोचं संमतिपत्र. तिन्हींवर राजधानीचा, आपिआचा सरकारी शिक्का बसला. आता तुझ्याकडचं कुठलंही कार्यालय ते नाकारणार नाही.

तुझा नवरा पेसामिनो सहीला आला तो शेतातला कोयता घेऊनच. नोटरी तोफीबाईंनी अंगणात मजकूर वाचून दाखवला: मुलगी कायमची आईकडे राहील. तो उसळला. "जिचा जबडा मी मोडला, तिला माझी पोर देऊ?"

"मोडलास म्हणूनच द्यायची, नालायका!" मी म्हणालो.

कोयता डोक्यावर आला. मी उजवा हात आडवा घातला. चार बोटं मातीत पडली, सिना. हे लिहायचं नव्हतं, पण अक्षराने चहाडी केलीच असती.

पोलीस येईपर्यंत तो पळाला. दोन दिवसांनी उजाडताना अख्ख्या भावकीसकट आपल्या घरापुढे गुडघे टेकून बसला, बारीक विणीची चटई डोक्यावरून ओढून. शेजारी त्याची म्हातारी आई. रीत तुला ठाऊक आहे. आपण चटई उचलली की सगळं माफ, पुढे एक शब्द काढायचा नाही. नाही उचलली, तर चटईखालच्याचा जीव आपल्या हातात.

आपली पोरं दगड घेऊन उभी होती. "काका, नुसतं हो म्हणा!" गावचे सरदार माझ्याकडे बघत होते. मी गावाचा वक्ता, सरदारांच्या वतीने बोलणारा. रक्ताने रक्त धुतलं जात नाही, हे याच अंगणात मी जन्मभर गरजून सांगितलंय.

मी तोफीबाईंना बोलावून घेतलं. त्या शिक्का पिशवीतून काढेनात. "आसोमुआ, धाकाखालची सही मला चालत नाही. आधी त्याला मोकळं कर, मग मी विचारीन."

मोकळं केल्यावर तो सही करील? तू त्याच्याबरोबर संसार केलायस, तूच सांग.

मी वाकलो. डाव्या हाताने चटईची कड धरली. लोकांना वाटलं, आसोमुआ रडतोय. मी चटईला तोंड लावून म्हणालो, "उचलतोय. पण उठून सही केली नाहीस, तर आज ना उद्या याच चटईत गुंडाळून पुरीन. तुझ्या आईच्या देखत."

आणि चटई उचलली. बायका रडल्या, कुणीतरी देवाचं गाणं धरलं. तोफीबाईंनी विचारलं, "पेसामिनो, कुणाचा दबाव आहे का?"

त्याने आईकडे पाहिलं. म्हातारीने सगळं ऐकलं होतं. "नाही म्हण, मेल्या, आणि कर सही!"

"नाही," तो म्हणाला.

तेव्हा तुझ्या हाती पडेल त्या कागदावर 'स्वखुशीने' असं लिहिलेलं आहे, आणि ते खोटं आहे. मला पश्चात्ताप नाही! तुझा जबडा मोडला तेव्हा कुठल्या शिक्केवाल्याने विचारलं होतं, बाई, मार स्वखुशीने खातेस का? त्या दिवशी सगळ्या गावाचं तोंड शिवलेलं होतं. माझंसुद्धा.

पण माफीच्या चटईखाली मी मरणाची धमकी सरकवली. ज्याने हे केलं, त्याने गावापुढे रीत सांगू नये. रविवारी प्रार्थनेनंतर वक्त्याची मानाची काठी सरदारांपुढे ठेवली. त्यांनी कारण विचारलं. म्हणालो, "बोटं नाहीत, धरवत नाही." खरं सांगितलं असतं, तर कागद फाटला असता आणि पोर इथेच राहिली असती.

मालिया मंगळवारच्या विमानाने येतेय. हे पत्र चुलीत घाल. आणि तिने कधी विचारलं, तर सांग, बापाने राजीखुशीने पाठवलं.

तुझा थोरला भाऊ,
आता कुणाच्याही वतीने न बोलणारा,
आसोमुआ