नदीकाठी पंधरा डाव

औंढा नागनाथ,
१४ जून २००४

ती. रत्नपालदादास,
धाकट्या पल्लवीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे आई, बाबा आणि मी, तिघंही ठीक. बाबांची शाळा सुरू झाली आणि घरात पुन्हा खडूचा वास आला. तू पुण्याला गेल्यावर शेजारच्या बेबीबाईनं एक शेळी घेतली. ती रोज नाल्यावरच्या पुलावर मधोमध उभी राहते. पुढून खेचा, मागून ढकला, हलत नाही. दोन्हीकडची माणसं तिच्या मर्जीची वाट बघत उभी. आईला ही शेळी फार आवडते, का ते विचारू नकोस.

तू पाठवलेल्या दोन्ही सीडी चालल्या. नेमसिंगच्या कॉम्प्युटर क्लासात मी दिवसभर पोरांना टायपिंग शिकवते, त्याबद्दल पाचनंतर तासभर एक मशीन माझं, असं त्यानं पगारातच धरलंय. भालेवाल्यांचा खेळ मला अर्धाच आवडला. न पाहिलेला मुलूख काळा असतो आणि माणूस चालत जाईल तेवढाच उजळतो, हे फार सुंदर. पण तिथले शेतकरी! शेत संपलं की हात खाली सोडून उभे. मी सांगेपर्यंत दुसरं पेरत नाहीत. असा शेतकरी आपल्या तालुक्यात एक दाखव. शिवाय सगळं एकाच वेळी चालू, डोक्यापेक्षा बोटंच जास्त पळवायची. आणि लाईट गेली की राज्य गेलं. नेमसिंगची बॅटरी पाच मिनिटं टिकते, तीही तिच्या मनात असलं तर.

चौकटींचा खेळ मात्र माझा. सहा शिपाई, आधी आपली चाल, मग त्यांची. कितीही विचार कर, खेळ थांबतो. लोडशेडिंगच्या गावासाठीच केलाय जणू. यात हरले तर चूक माझी, हे बरं वाटतं. क्लासातली पोरं शिपाई मेला की जुना सेव्ह उघडून पुन्हा खेळतात. मी नाही. कोंडीबा आज्यानं ओट्यावर खडूनं रेघा मारून वाघबकरी शिकवली, पण एकदाही चाल परत घेऊ दिली नाही. ते अंगात बसलंय.

एक काम आहे. तुमच्या इंग्रजी मासिकात खेळांवर कुणीतरी लिहीत असेलच. तू तिथं पानं जुळवतोस, तर संपादक सरांना हे पत्र दाखवशील का? मी मराठीत लिहीन, कुणीतरी इंग्रजी करावं. बाबा यंदा स्थळं बघायचं म्हणून राहिलेत. माझ्या नावानं छापून आलेलं काही हातात असलं, तर त्यांच्याकडे दोन वर्षं मागता येतील.

लोभ आहेच, पत्रागणिक थोडा वाढू दे.
तुझी,
पल्लवी


पुणे,
२ जुलै २००४

चि. पल्लवीस,
रत्नपालदादाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. खोलीतल्या दोघांना वाचून दाखवलं. शेतकऱ्यांच्या ओळींवर दोघं पोट धरून हसले. कोंडीबा आज्याची नात शोभतेस. तो वाघ असायचा आणि आपण दोघं शेळ्या, आणि जिंकायचीस तू, हे मी अजून विसरलो नाही.

तुझं काम केलं. सरांशी बोललो. त्यांना ऑफिसात बसून इंग्रजीत लिहिणारं माणूस पाहिजे, बाहेरगावचं चालत नाही म्हणाले. वाईट वाटून घेऊ नकोस. जागा निघाली की मी आहेच. लिहायचं मात्र सोडू नकोस. इथं खानावळीचं खाऊन जीव विटलाय, तुझं पत्र आलं की घरचं जेवण झाल्यासारखं वाटतं. फक्त जरा नीट लिहीत जा. आधी खेळ काय आहे ते, मग काय आवडलं, मग काय खटकलं. आणि दहा तारखेच्या आत टाकत जा, म्हणजे वाट बघावी लागत नाही.

सोबत आणखी दोन सीडी. स्थळाची घाई नको म्हणून बाबांना मी फोनवर सांगतो, ते माझ्यावर सोड.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशीच असू दे.
तुझा,
दादा


औंढा नागनाथ,
६ सप्टेंबर २००४

ती. दादास,
पल्लवीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

जुलै आणि ऑगस्टची पत्रं मिळाली असतील. या वेळचा खेळ राज्यांचा. काय आवडलं ते आधी सांगते. राज्य फार वाढलं की त्याला स्वतःचंच वजन झेपत नाही, लांबची गावं ऐकेनाशी होतात. हे खरं आहे आणि कुठल्याच दुसऱ्या खेळात मी पाहिलं नाही.

खटकलं ते असं. शेजारच्या राजाशी माझी चाळीस डाव दोस्ती होती. धान्य दिलं, वाट दिली. एकेचाळिसाव्या डावात त्यानं माझं बंदर घेतलं. काहून? खेळ सांगत नाही. दगा झाला याचा राग नाही रे. दगा नसला तर तो राज्यांचा खेळ कसला? पण मागे वळून पाहिलं तर खुणा सापडल्या पाहिजेत. इथं त्याचा दूत कमी बोलला, तिथं त्यानं सैन्य सरकवलं. मग माणूस म्हणतो, मीच आंधळी होते. इथं नुसता फासा पडतो. आणि अवघड पातळी निवडली की काय होतं, तर शत्रूला फुकटचं सोनं मिळतं. त्याचं शहाणपण वाढवता आलं नाही म्हणून श्रीमंती वाढवली.

नरसीहून एक स्थळ आलंय. मुलगा पतपेढीत आहे, माणसं बरी आहेत, पण मला इतक्यात नको. तू बाबांशी बोलणार होतास. बाबा म्हणाले, तुझा फोन आला होता पण त्यात असलं काही बोलणं झालं नाही. विसरला असशील. आता बोल.

लोभाची आठवण करून द्यावी लागू नये.
तुझी,
पल्लवी


पुणे,
११ ऑक्टोबर २००४

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितोय. या महिन्यात तुझं पत्र उशिरा आलं, फार धावपळ झाली. ऑफिसात माझी जागा बदलली, आता खिडकीशी बसतो. बाबांना सांग, आनंद होईल. दसऱ्याला येणं जमत नाही.

सोबत चौकटींच्या खेळाचा नवा भाग, नदीकाठची मोहीम. इकडे अजून कुणी तो पुरता खेळलेलं नाही, तेव्हा मोठं पत्र पाठव. आणि एक सांगायचं. ही पत्रं नेमसिंगला किंवा क्लासातल्या कुणाला दाखवू नकोस. लोक दुसऱ्याचं डोकं वापरून मोठे होतात, तुला जग ठाऊक नाही.

बाबांशी बोलायचं राहिलं. बोलतो. माया आहेच.
दादा


औंढा नागनाथ,
८ नोव्हेंबर २००४

ती. दादास,
जयभीम.

तू सांगितलंस त्याच क्रमानं लिहिते. खेळ नदीकाठचा, शिपाई सहाच. आवडलं ते पाणी. कमरेइतक्या पाण्यात शिपाई हळू चालतो आणि भिजलेल्या दोरीचा बाण लांब जात नाही. त्यामुळं नदी हाच सातवा गडी होतो, कधी आपला, कधी त्यांचा. खटकला तो पूल. एक शिपाई मधोमध अडला की मागचे पाचही अडतात, अगदी बेबीबाईची शेळी. त्याला बाजूला हो म्हणायची सोय नाही. नेम शंभरात नव्वद वेळा लागेल असं खेळ सांगतो आणि लागोपाठ तीनदा चुकतो. हिशेब बराबर असेलही, पण मन मानत नाही.

चौथ्या मोहिमेतली एक गंमत फार कुणाला ठाऊक नसावी. पुलाच्या वाटेला जाऊच नको. सहाही शिपाई काठावर उभे कर आणि पंधरा डाव काही न करता थांब. बाण लागतील, लागू दे. पंधराव्या डावाला धुक्यातून एक म्हातारा नावाडी येतो. त्याचं नाव कोंडीबा. तो सगळ्यांना पलीकडे सोडतो. ज्याला थांबता येतं त्यालाच तो दिसतो.

नरसीकडच्यांनी फेब्रुवारीत बोलणी करू म्हटलंय. दादा, मला सांगण्यासारखं तुझ्याजवळ काही आहे का? असलं तर उलट टपाली सांग. मी पंधरा दिवस वाट बघते.

लोभाचं तू जाणतोस.
पल्लवी


पुणे,
१२ जानेवारी २००५

चि. पल्लवीस,
आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, तरी लिहितो.

नावाडी नाही. चौथ्या मोहिमेत काय, अख्ख्या सीडीत कुठंही नावाडी नाही. हे मला बेचाळीस वाचकांच्या पत्रांवरून कळलं. त्यातला एक तर साठ डाव नदीकाठी बसून राहिला होता. सरांनी सगळ्यांदेखत विचारलं की तू हा खेळ खेळलास तरी का.

आता लपवून काय करू? ऑगस्टपासून तुझी पत्रं मी इंग्रजी करून माझ्या नावानं छापत होतो. पहिल्या वेळी सांगणारच होतो की ही माझ्या बहिणीची आहेत. पण सरांनी वाचून माझ्या पाठीवर हात ठेवला. सहा महिन्यांत त्या माणसानं मला नावानं हाक मारली नव्हती, पल्लवी. शब्द तोंडातच राहिला आणि मग दर महिन्याला जास्त जड होत गेला.

मी चुकलो. पण तुझं वाईट व्हावं असं कधी मनात आणलं नाही. तू मात्र ठरवून केलंस. मी डोळे मिटून तुझ्यावर भरवसा ठेवला आणि तू मला खड्ड्यात घातलंस. सख्ख्या बहिणीनं असा दगा द्यावा?

सरांनी एक संधी दिली आहे. पुढच्या अंकात माझ्या नावानं खुलासा छापायचा, नावाडी कुठून आला ते सांगणारा. दोन दिवस बसलोय, एक ओळ सुचत नाही. तूच लिहून दे. तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही. वीस तारखेच्या आत पाहिजे. रागावून का होईना, पण लिही.

तुझाच,
दादा


औंढा नागनाथ,
१६ जानेवारी २००५

ती. दादास,
जयभीम.

ऑक्टोबरात नेमसिंगनं नांदेडहून तुमच्या मासिकाचा अंक आणला, त्याला फक्त आतली सीडी हवी होती. मी पानं चाळली. कुणाचा तरी कोट घातलेला तुझा फोटो दिसला आणि मला इतका आनंद झाला की मी नेमसिंगला हाक मारली. मग डिक्शनरी घेऊन वाचायला बसले. चाळीस डाव दोस्ती, धान्य दिलं, वाट दिली. माझा राजा, माझं बंदर. मी अंक मिटला आणि उरलेल्या पोरांना टायपिंग शिकवलं. दोन दिवस जेवले नाही, आईला पित्त झालं म्हणून सांगितलं. परक्यानं नेलं असतं तर भांडले असते. तू नेलंस, तर सांगायचं कुणाला?

मग तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. खुणा सगळ्या होत्या. दहा तारखेच्या आत. आधी आवडलेलं, मग खटकलेलं. नेमसिंगला दाखवू नकोस. त्या खेळातल्या राजापेक्षा तू बरा, मागे वळून पाहिल्यावर तुझा दगा दिसतो तरी. मीच आंधळी होते.

नावाडी मी मुद्दाम लिहिला, हे खरं. पण त्याचं नाव मी कोंडीबा ठेवलं होतं, आपल्या आज्याचं. विलायती खेळात कोंडीबा कुठून येईल, एवढं तुझ्या ध्यानात आलं असतं तर तू वाचला असतास. तुला मी तेवढी वाट ठेवली होती, आणि वर पंधरा दिवस. पण तू नावं बघतच नाहीस, गाळतोस. बेबीबाई गाळलीस, कोंडीबा गाळलास. पल्लवी तर पहिल्याच अंकात गाळलीस.

डिसेंबरचा अंक तू बाबांना शाळेच्या पत्त्यावर पाठवलास, मला दिसू नये म्हणून. बाबांनी तो संध्याकाळीच घरी आणला, सगळ्या मास्तरांना दाखवून. आईला इंग्रजी कळत नाही, म्हणून मला म्हणाले, तू मराठीत वाचून दाखव. मी वाचलं, दादा. तू इंग्रजी केलेलं माझंच पत्र परत मराठी करत गेले. पुलावरच्या हट्टी शेळीपाशी आले तेव्हा आईचा डाळ निवडणारा हात थांबला. म्हणाली, ही तर बेबीबाईची शेळी व्हय. तो गेल्यावर घेतली ना तिनं, मग रत्नपालनं कवा पाह्यली? अन् हे बोलणं बी त्याचं न्हाई, हे माह्या पल्लीचं हाय.

बाबांनी विचारलं, हे तुझं आहे का? मी तुझं नाव घेतलं नाही, पण नाही म्हणूनही मला सांगता आलं नाही. परवा बाबांनीच विषय काढला. म्हणाले, पोरावर मी एका शेळीवरून आळ घेणार नाही. पण तुझं नाव कुठं छापलेलं दाखवलंस तर नरसीवाल्यांना दोन वर्षं थांबा म्हणायला मला तोंड आहे. बोलणी सहा फेब्रुवारीला आहेत.

तू मागितलास तो खुलासा देते. यातला एकही शब्द बदलू नकोस.

डिसेंबरच्या अंकातला नावाडी खेळात नाही. तो औंढा नागनाथच्या माझ्या बहिणीनं, पल्लवीनं रचला, कारण ऑगस्टपासून या पानावर आलेलं सगळं तिचंच होतं आणि हे मी तिला किंवा तुम्हाला सांगितलं नाही. मी फक्त इंग्रजी केलं आणि नावं गाळली. खेळ मी एकही खेळलो नाही. तुम्हाला नदीकाठी थांबावं लागलं याची मी माफी मागतो. रत्नपाल.

पाच अंक माझं लिहिणं तुझ्या नावानं आलं. हे एवढंच खरोखर तुझ्या नावाचं आहे, तेवढं तरी तुझ्या नावानं छापून येऊ दे.

लोभाचं या वेळी मागत नाही. अंक सहा तारखेच्या आत पाठव.
तुझी बहीण,
पल्लवी