नकाशातला पाणवठा

रावेत, बुधवार, ९ फेब्रुवारी १९५५

आज पारावर गाव जमला. कारखाने येणारच असतील तर वरच्या मुरमाड माळावर यावेत. पवनेचा काठ, घाट, गायरान यांना हात लागू नये, असं ठरलं. मामलेदारांना द्यायचा नकाशा मी तीन दिवस खपून शाईनं काढला होता. सगळ्यांनी वाखाणला, माझ्या दौतीतली शाई लावून खाली अंगठे उमटवले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग गावकुसाबाहेरचा धोंडीबा पाराखालूनच म्हणाला, "गुरुजी, आमचा पाणवठा कुठं हाय ह्यात?"

नव्हता. घाटाच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावर आहे. शाळेत जाताना रोज दिसतो. नकाशात तिथं मी कोरा कागद सोडला होता. कसा विसरलो? विसरलोच ना?

पाटील म्हणाले, "घाला की गुरुजी, त्यात काय!" मी खिशातल्या पेन्सिलीनं पाणवठा काढला आणि कागद धोंडीबापुढे धरला. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग अंगठा उमटवला.

नकाशा पाटील घेऊन गेले, उद्या पुण्याला पोचेल. सारा गाव शाईत, तेवढा पाणवठा पेन्सिलीत.

दौत माझ्या गुडघ्यापाशीच होती.