पडणाऱ्याची फाइट

१५ एप्रिल १९८८, अंबरनाथ

मी बोलते, सून अंजना लिहिते. मध्ये स्वतःचं काही घुसडायचं नाही, बजावलंय.

काल जयंती झाली. आज दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी लावून व्हिडिओ बघितला. उल्हासनगरच्या सिंधी शेठकडून भाड्याने आणलेला. माझा बबन सिनेमात मार खातो, तेच त्याचं काम. निळ्या बनियनमध्ये होता. ठोसा बसला तशा सगळ्यांच्या शिट्ट्या हिरोला. मी ओरडले, "बबन काय पडला बघा!"

शेजारची चांगुणा म्हणते, "मावशी, पोरगा मार खातोय अन् तुम्ही खूश?"

म्हटलं, "मार खाऊन हिरो होता येत असतं, तर तुझा नवरा सोमा केव्हाच झाला असता."

१६ एप्रिल

भाकऱ्या थापताना डोक्यात तेच. चांगली फाइट कशाने होते? मारणाऱ्याने नाही. हिरोचा हात तोंडापासून वीतभर लांबच थांबतो. बबन उडाला नाही, तर हिरो डास हाकलतोय असं वाटेल. ठोसा किती जोराचा, ते पडणारा सांगतो. आणि पडल्यावर लगेच उठायचं नाही. जरा पडून राहायचं — बघणाऱ्याने म्हणावं, गेला वाटतं.

एक मात्र कबूल. शेवटी हिरोने गच्चीवरून खालच्या पत्र्यावर उडी घेतली. पाठमोरा, धाडकन. त्याला मीही टाळी दिली.

१९ एप्रिल

भगवानभाऊजी, माझे धाकटे दीर, त्यांनी त्यांच्या केमिकल कंपनीत शब्द टाकलाय. दोन तारखेपासून बबनला घेतात. अंजनाला हवंय, बबनला नको. शेवटी म्हणाला, "आई म्हणेल तसं."

माझं म्हणणं, कंपनीतलं अ‍ॅसिड खरं, सिनेमातला मार खोटा. पडू दे त्याला.

अंजनाचा हात थांबला.

"लिही गं."

"लिहिते, आत्याबाई."

२० एप्रिल

पाणी आलं नाही. अंजना घुश्श्यात. दोन्हीचं कारण कोणी सांगत नाही.

२४ एप्रिल

शिवराम आला बदलापूरहून. बबनबरोबर तोही पडायला असतो. बबन घरी नव्हता. बशीत चहा ओतत म्हणाला, "मावशी, उडी बघितली ना बबनची? पत्र्यावरची?"

म्हटलं, "ती हिरोची."

हसला. "हिरो खाली खुर्चीत सरबत पीत होता. त्याचा शर्ट बबनच्या अंगात. लांबून शर्टच दिसतो, मावशी. माणूस कोण बघतंय?"

तो गेल्यावर अंजनाला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"त्यांनी शपथ घातली होती. दिवाळीत बसमधून पडले म्हणाले ना, ते बसमधून नव्हे. महिनाभर पाठ शेकली मी."

आईने पोराची पाठ ओळखली नाही. हेही लिही म्हटलं. लिहिलंय तिने.

२५ एप्रिल

बबनला म्हटलं, कंपनीत जायचं.

"का?"

"आई म्हणते म्हणून."

"शिवराम बोलला वाटतं."

मी भाजी निवडत राहिले. एक जुडी स्वतःकडे ओढत म्हणाला, "बरं."

२ मे

बबन डबा घेऊन कामावर गेला. दारात उभी राहून कोपऱ्यापर्यंत बघत होते. चालताना उजवा पाय ओढतो तो. अंजनाला विचारलं, हे कधीपासून?

म्हणाली, "दिवाळीपासून, आत्याबाई. रोजच."